लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : वजनाचा हिशेब होतो, मनाचा कोण ठेवणार?

नवी दिल्ली : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन छायाचित्रांपुरती मर्यादित राहते. एक शस्त्रक्रियेपूर्वीचे, दुसरे वर्षभरानंतरचे. या दोहोंच्या दरम्यान आणि विशेषतः दुसऱ्या छायाचित्रानंतर रुग्णाच्या मनात काय घडते, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. देशात अशा शस्त्रक्रियांना मान्यता आणि विम्याचे संरक्षण मिळाले असताना, ही उणीव आता दुर्लक्षिण्याजोगी राहिलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाच्या किंवा लठ्ठपणाच्या गटात मोडतात. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, तर अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले आणि हा उपचार सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला. मधुमेह, उच्च रक्तदाब व निद्राश्वसनरोध यांवर त्याचा होणारा लाभ वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. त्यामुळे येथे प्रश्न उपचाराच्या उपयुक्ततेचा नसून त्याच्या अपुरेपणाचा आहे.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या सर्वाधिक प्रचलित शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकला जातो. भूक चेतवणाऱ्या ‘घ्रेलिन’ या संप्रेरकाचे प्रमाण त्यामुळे घटते आणि थोडक्या अन्नाने पोट भरते. तथापि माणूस केवळ भुकेपोटी खात नाही. एकटेपणा, अपमान, कामाचा ताण, अनावर चिंता यांवर उतारा म्हणूनही तो खातो. शस्त्रक्रिया जठर लहान करते, ही कारणे नव्हे. वर्षानुवर्षांचा आधार एका दिवसात काढून घेतला गेल्यावर त्या रिकाम्या जागी काय येणार, हा खरा प्रश्न आहे.

त्या जागी काही वेळा मद्य येते. अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के आढळले. ‘गॅस्ट्रिक बायपास’नंतर मद्य रक्तात अधिक वेगाने मिसळते, हे त्यामागील एक शारीरिक कारण आहे. याच शस्त्रक्रियेनंतर काही नैराश्यविरोधी औषधांचे शोषणही बदलते. म्हणजे ज्या रुग्णाला त्या गोळ्यांची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या मात्रेचा फेरविचार करावा लागू शकतो.

अधिक गंभीर इशारा दोन मोठ्या अभ्यासांतून मिळतो. अमेरिकेतील युटा राज्यातील २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील एकूण मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी आढळला. परंतु अपघात, आत्महत्या यांसारख्या आजारेतर कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची पाहणी झाली. तेथे स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या उपचारांची गरज भासण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाले. हजारो रुग्णांत अशा घटना मोजक्याच असल्या, तरी त्यांचा तपशील महत्त्वाचा आहे. त्यांतील ९३ टक्के घटना आधीपासून मानसिक आजाराची नोंद असलेल्या रुग्णांच्या बाबतीत घडल्या आणि बहुतांश दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी घडल्या.

हा कालावधी योगायोगाचा नव्हे. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरते, कौतुक होते, उत्साह टिकून राहतो. नैराश्याची लक्षणेही अनेकांमध्ये कमी झाल्याचे अभ्यास सांगतात. पुढे वजन स्थिरावते, काहींचे अंशतः परत वाढते. सैल झालेली त्वचा आरशात दिसत राहते. ‘इतका खर्च करूनही तुला जमले नाही’ हे शब्द कोणी उच्चारले नाहीत, तरी रुग्णाला ते ऐकू येतात. अपराधीपणापोटी तो तपासणीला जाणेच टाळतो. अशा रीतीने आधाराची गरज वाढते, त्याच वेळी रुग्णालयाशी असलेला संबंध सैल होतो.

भारतीय कुटुंबात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे आग्रह हा आपुलकीचा भाग मानला जातो. पंगतीत दोन घासांवर थांबणाऱ्याला यजमानाची समजूत घालावी लागते. शस्त्रक्रिया गुप्त ठेवली असल्यास नवी सबब शोधावी लागते. विवाहाच्या अपेक्षेने मुलीवर शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय कुटुंबाने घेतला असेल, तर संमती नेमकी कोणाची, हा प्रश्नही उरतो. नातेसंबंधांवरील परिणाम अन्यत्रही दिसला आहे. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या व्यक्तींचे विवाह वा नवे संबंध जुळण्याचे प्रमाण वाढले, तसेच आधीपासून जोडीदार असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचेही वाढले. शरीर बदलले की घरातील भूमिकाही बदलतात.

धोरणाच्या पातळीवर या वास्तवाची दखल अपुरी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार रुग्णाचे वय किमान १८ वर्षे आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक असावा लागतो. डॉक्टरांचा सल्ला आणि वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधारही आवश्यक आहे. मात्र मानसिक तपासणी किंवा शस्त्रक्रियोत्तर समुपदेशन यांचा स्वतंत्र उल्लेख या अटींत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा संरक्षण देणे बंधनकारक केले. हे दोन धागे अद्याप एकत्र आलेले नाहीत.

मानसिक तपासणीचा हेतू रुग्णाला नाकारणे हा नसावा. नैराश्य असलेल्यालाही या शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकतो. त्याला कोणता आधार, किती काळ लागेल, हे आधी ठरवणे हा तिचा हेतू असावा. किमान तीन वर्षांचा समुपदेशनाचा पाठपुरावा उपचाराच्या मूळ खर्चातच धरला गेला, तर तो रुग्णाच्या मर्जीवर आणि ऐपतीवर अवलंबून राहणार नाही. मोठ्या शहरांबाहेर मानसोपचारतज्ज्ञ दुर्मिळ असल्याने दूरध्वनीवरील सेवांची जोड आवश्यक ठरते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदांत हा क्रमांक असणे फारसे अवघड नाही.

२०२५ मध्ये वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली आणि शस्त्रक्रियेविना वजन उतरवण्याचा मार्ग खुला झाला. तेथेही भूक औषधाने शमेल. खाण्यामागील दुःख तेवढ्याने शमेलच असे नाही. शस्त्रक्रियेच्या अनुभवातून हा धडा घेतला नाही, तर तीच चूक अधिक मोठ्या संख्येने होईल.