घरातलं थोडं विज्ञान : फ्रिजचा नकाशा

गेल्या खेपेला भिंतींवरच्या बुरशीबद्दल लिहिलं होतं, यावेळी फ्रिजबद्दल. विषय साधा वाटेल, पण आमच्या घरी त्यापायी चांगलीच धावपळ झाली.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या, त्या इन्सुलिनचा साठा घेऊनच. विमानात तो त्यांनी स्वतःजवळच्या पिशवीत ठेवला होता, खाली सामानात टाकला नाही, हे उत्तम केलं. चूक झाली ती इथे अप्पर हटला, माझ्या हातून. थंड जागी ठेवायचं म्हणून मी ते फ्रिजच्या वरच्या कप्प्यात अगदी मागे, भिंतीला टेकवून ठेवलं. पुढची कुपी काढली आणि त्यांची साखर चढू लागली. पथ्य तेच, डोस तोच. मला तर लाडवांच्या डब्याचा संशय आला (आई, माफ करा!). डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?" तेव्हा आठवलं, त्याच जागी ठेवलेली कोथिंबीर दोनदा काचेसारखी कडक झाली होती.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं, वितळून स्वच्छ दिसलं तरी. लशींचंही तसंच. हिपॅटायटिस बी किंवा त्रिगुणी लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. पोलिओच्या बाटलीवर वर्तुळातला छोटा चौकोन पाहिला असेल. उष्णता लागली की तो काळवंडत जातो, पण थंडीने गोठण्याबद्दल तो काही सांगत नाही.

औषधांच्या गोदामात म्हणूनच एका थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाहीत. दाराजवळ, पंख्यासमोर, कोपऱ्यांत, वर आणि खाली अशी नोंद करणारी यंत्रं ठेवतात. दिवसेंदिवस आकडे घेतात, उन्हाळ्यात वेगळे, हिवाळ्यात वेगळे. मग कुठे माल ठेवायचा आणि कुठे मुळीच नाही, याचा नकाशा तयार होतो.

मी घरी तेच केलं. तीन स्वस्त थर्मामीटर, प्रत्येक पाण्याच्या पेल्यात. पेला का, तर दार उघडताच हवेचा आकडा उड्या मारतो, पाण्याचा मारत नाही. आणि कुपीतही पाण्यासारखाच द्रव असतो. रात्रभर ठेवून सकाळी दार उघडण्याआधीच कागद-पेन्सिल घेऊन उभी राहिले. वरच्या कप्प्यात मागच्या पेल्याच्या कडेला बर्फ धरलेला! दारातल्या कप्प्यात, जिथे बहुतेक घरांत औषधं असतात, 11 अंश. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला 4 आणि 5. एकाच फ्रिजमध्ये, बाहेरचं बटण मात्र 'तीन'वर. आता इन्सुलिन मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून चार बोटं दूर.

आपल्यापैकी अनेकांचा दुसरा फ्रिज गॅरेजमध्ये असतो. इथल्या जुलैतल्या दंवाच्या रात्री गॅरेजच फ्रिजइतकं थंड होतं. मग एकच थर्मोस्टॅट असलेल्या फ्रिजची मोटर चालतच नाही, आणि वरचं आइसक्रीम मऊ पडतं! तिथे औषध ठेवूच नका. आणि नकाशा वर्षातून दोनदा काढा, फेब्रुवारीत आणि जुलैत.

वापरात असलेलं पेन बहुतेकदा खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं, पण मर्यादा प्रत्येक औषधाची वेगळी, म्हणून चिठ्ठी वाचा. फ्रिज नसलेल्या घरांत आपल्याकडे ओल्या मातीच्या भांड्यात ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात त्याचा बराच उपयोग होतो, कोकणच्या दमट हवेत कमी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मेनॅफ्रिव्हॅक या मेंदूज्वराच्या लशीला तर 2012 मध्ये, 40 अंशांपर्यंत चार दिवस फ्रिजबाहेर चालेल अशी मान्यता मिळाली. आफ्रिकेतल्या दूरच्या गावांसाठी ते फार मोठं काम झालं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग इन्सुलिनचंही करा म्हणावं तसं!"

त्यांची साखर आता ठीक आहे. नवीन साठा इथूनच घेतला, खर्च झाला तो झाला. माझे तीन थर्मामीटर गणपतीच्या कार्यक्रमाला घेऊन येते. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी आधी न्यावेत, आणि आठवड्याने परत करावेत. मागच्या वेळी दिलेली इडलीपात्रंही अजून यायची आहेत.