पोरगं हॅकिंग शिकतो म्हणतंय? आधी ‘कॉसमॉस’चं प्रकरण समजून घ्या

हल्ली पीक पाहायला बांधावर गेलं, की बोंडअळीच्या आधी पोराचा विषय निघतो. “साहेब, पोरगं पुण्याला जाऊन हॅकिंग शिकतो म्हणतंय. क्लासची फी ऐकूनच घाम फुटला. धाडू का?” विषय माझ्या खात्याचा नाही, पण प्रश्न खरा आहे. आपल्या ठेवींशीही त्याचा संबंध आहे.

ऑगस्ट 2018 मधली गोष्ट आठवा. पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेली कॉसमॉस सहकारी बँक, 1906 सालची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. 11 आणि 13 ऑगस्ट या दोन दिवसांत तिथून सुमारे 94 कोटी रुपये गेले. ना दरोडा, ना तिजोरी फोडली. एटीएम आणि बँकेचं खातेवही यांच्यामध्ये ‘स्विच’ नावाची यंत्रणा असते. खात्यात पैसे आहेत का, हे विचारून ती होकार देते. चोरांनी घातक प्रोग्रॅम घुसवून तिच्या जागी आपलीच खोटी यंत्रणा उभी केली. मग काय, बनावट कार्ड घाला, होकार तयार! 28 देशांतून सुमारे 78 कोटी, तर भारतातून अडीच कोटी काढले गेले. त्यात आपलं कोल्हापूरही होतं. वर 13 तारखेला जवळपास 14 कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं बँकेने सांगितलं, म्हणजे खड्डा बँकेलाच पडला.

पुढचं नीट वाचा. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा दिली. ही इथे पकडलेली साखळी, कार्ड घेऊन पैसे काढणारी नि काढवणारी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या 2019 च्या अहवालाने बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे. म्हणजे तुरुंगात गेले ते इथले, खरा सूत्रधार सातासमुद्रापार.

या घटनेनंतर ऑक्टोबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. चौकट कागदावर आली, पण ती राबवायला माणूस लागतो. मालकाच्या लेखी परवानगीने यंत्रणेवर स्वतःच हल्ला करून भोकं शोधणारा, आणि ती बुजवायला सांगणारा. इंग्रजीत त्याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. आपण नाही का, पाणी सोडण्याआधी पाट चालत जाऊन उंदराची बिळं शोधत? तसंच ते.

परवानगी हा शब्द पोराच्या कानात घाला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली, वाईट हेतूने दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘गंमत म्हणून केलं’ हे उत्तर ऐकून कोणी सोडून देईल, अशा भरवशावर राहू नये.

आता शिकायचं कुठे? भरमसाट फी भरण्याआधी फुकटचं संपवा. पहिल्यांदा नेटवर्क. एका संगणकातून दुसऱ्यात माहिती जाते कशी, हे कळल्याशिवाय हॅकिंगची भाषा करणं म्हणजे माती न तपासता खताची पोती उतरवणं. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचे सुरुवातीचे धडे मोफत आहेत. ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. मग लिनक्स. त्यासाठी ‘ओव्हर द वायर’चा ‘बँडिट’ हा खेळ. वायरशार्कवर स्वतःच्या घरच्या नेटवर्कची वाहतूक बघा. ‘काली लिनक्स’ही फुकट, पण सराव व्हर्च्युअलबॉक्समध्ये उभ्या केलेल्या आपल्याच यंत्रावर, शेजाऱ्याच्या वायफायवर नाही. वेबसाइटच्या भोकांसाठी ‘ओवास्प’ची यादी आणि पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकादमी, तीही मोफत. अडचण एकच, बहुतेक सगळं इंग्रजीत. तेवढी तयारी ठेवावी लागेल.

हे सहा-आठ महिने टिकलं, तरच पुढच्या पैशाचा विचार. पुण्यात सी-डॅकचा सुरक्षेवरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्याला इंजिनिअरिंग किंवा तत्सम पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. बारावीवर थेट प्रवेश मिळतो असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

आणि गावच्या पतसंस्थेच्या संचालकांनो, येत्या वार्षिक सभेत सचिवांना एकच विचारा: आपल्या संगणकाची सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली, कोणी केली आणि तो कागद कुठे आहे?