घरची वीजपेटी

गीझर, पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्र अशी उपकरणे घरात आली, की जुनी वीजपेटी अपुरी पडते. २३० व्होल्टांवर २००० वॅटांचा गीझर एकटाच सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. मग एमसीबीचा खटका वारंवार पडू लागतो आणि तेथे अधिक अँपिअरची एमसीबी बसविण्याचा मोह होतो. प्रिय वाचकहो, हा मोह टाळावा, असे आम्ही कळकळीने सांगतो. एमसीबी ही तारेची राखणदार होय. तार जुनी व बारीक असता खटका मोठा केला, तर तो पडण्यापूर्वीच भिंतीतील तार तापून पेट घेईल. म्हणून उपकरणांच्या वॅटांची बेरीज करून आधी तार बदलावी, मगच मोठी पेटी निवडावी. माणसाच्या जिवासाठी मात्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी व उत्तम अर्थिंग हवेच. पेटीत दोन-चार खण रिकामे ठेवावेत. संसार वाढतच असतो.