विश्लेषण : छापील मांस आणि मांजरसुंब्याची शेळी

धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणारी गाडी मांजरसुंब्याला थांबते ती बहुधा जेवणासाठी. तिथल्या ताटातले मटण आसपासच्या माळावर चरणाऱ्या शेळीचे, हे कुणाला सांगावे लागत नाही. मात्र मुंबईतील बायोक्राफ्ट फूड्स ही नवउद्यमी कंपनी कोंबडी न कापता, पेशी वाढवून आणि त्रिमितीय छपाई करून चिकन तयार करण्याच्या प्रयत्नात आहे. हे मांस नेमके काय आहे, आणि शेळीवर संसार चालवणाऱ्यांनी त्याची चिंता करावी का?

हे मांस तयार कसे होते?

जिवंत प्राण्याच्या पेशींचा छोटा नमुना घेतला जातो. या पेशी बंद टाकीत, अमिनो आम्ले, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे असलेल्या द्रवात वाढवतात. पण त्यातून मिळतो तो लगदा. मटणाचा धागा, चरबीचा थर त्यात नसतो. म्हणून पेशी आणि खाण्याजोगे जेल यांची ‘शाई’ करून यंत्राच्या बारीक नळीतून थरावर थर चढवले जातात. सोयाबीनपासून केलेल्या नकली मांसापेक्षा हे वेगळे आहे. यातल्या पेशी प्राण्याच्याच असल्याने त्याला शाकाहारी म्हणता येणार नाही.

विक्रीला परवानगी कुठे आहे?

डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी २०१३ मध्ये लंडनमध्ये असा पहिला बर्गर सादर केला. त्याचा खर्च होता सुमारे अडीच लाख युरो. सिंगापूरने २०२० मध्ये, तर अमेरिकेने २०२३ मध्ये अशा चिकनच्या विक्रीला मंजुरी दिली. इटलीने २०२३ मध्येच बंदी घातली. भारतात अशा नव्या अन्नाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. संशोधन मात्र सुरू आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रयोगशाळेत माशाचे मांस वाढवण्यासाठी एका खासगी कंपनीशी करार केला.

अडले कुठे?

मुख्य अडचण खर्चाची. पेशींचे खाद्य महाग आहे आणि जंतुसंसर्ग झाला तर अख्खी टाकी फेकावी लागते. शिवाय पेशी वाढवण्यासाठी पूर्वापार गायीच्या गर्भातील वासराच्या रक्तातला द्रव वापरला जातो. त्याला पर्याय निघत आहेत, पण ‘प्राणी न मारता’ या दाव्याची खरी कसोटी इथेच आहे.

शेळीपालकांना धोका आहे का?

आज नाही. उद्या स्पर्धा झालीच, तर ती आधी नगेट्स आणि खिम्यात होईल. बीड-धाराशिव-लातूर पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी कमी पाण्यात, काट्याकुट्यावर जगते आणि अनेकदा जुळी करडे देते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ती अडीनडीची ठेव असते. दवाखाना निघाला की बोकड बाजारात जातो. टाकीतल्या मांसाचा पैसा मात्र टाकीच्या मालकाकडे जाईल.

मग सरकारने काय करावे?

तंत्रज्ञानाला बंदी घालणे हा उपाय नव्हे. पण पाकिटावर ‘पेशींपासून वाढवलेले’ असे मराठीत, ठळक लिहिणे सक्तीचे हवे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उद्या एखाद्या कंपनीने उस्मानाबादी शेळीच्या पेशी वापरल्या, तर पिढ्यानपिढ्या ही जात सांभाळणाऱ्यांना वाटा मिळायला हवा. जैवविविधता कायद्यात २००२ पासून लाभवाटपाचे तत्त्व आहे. ते या पेशींना कसे लागू होईल, हे परवानगी देण्याआधी स्पष्ट व्हावे. नाहीतर पेशी माळावरच्या, नफा मुंबईचा आणि शेळी राखणारीच्या हाती काहीच नाही, असे व्हायचे.