जेवायला अडीचशे किलोमीटर!

नुसतं जेवायला कुणी अडीचशे किलोमीटर गाडी हाकत जातं का, असं तुम्ही विचाराल. फ्रान्समध्ये जातात. आणि जेवून परतत नाहीत, तिथंच झोपतात. पॅरिसहून ल्योंकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, बर्गंडी प्रांतात, सोल्यो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम अडीच-तीन हजार. त्या गावातल्या ‘ला कोत दॉर’ या सरायवजा हॉटेलात जेवण्यासाठी जगभरातून माणसं आली.

या वेडामागे आहे चक्क टायरची कंपनी! मोटारी फिरल्या तर टायर झिजणार, झिजले तर नवे खपणार. म्हणून 1900 साली मिशलिन कंपनीनं मोटारवाल्यांसाठी एक फुकट पुस्तिका काढली. गॅरेज कुठं, मुक्काम कुठं, वगैरे. 1926 पासून त्यात चांगल्या जेवणाला तारा मिळू लागला, पुढं दोन आणि तीन तारेही आले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं ठिकाण आणि तीन तारे म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं. आडगावच्या आचाऱ्याला याहून मोठी जाहिरात कुठली मिळणार?

अशा ठिकाणचं खास जेवण आपल्या ताटासारखं नसतं. आपल्याकडे डावी-उजवी बाजू एकदम मांडली जाते आणि कशाबरोबर काय खायचं ते आपण ठरवतो. इथं ठरवतो तो आचारी. सात-आठ, कधी त्याहूनही जास्त पदार्थ, प्रत्येक दोन-चार घासांचा, एकापाठोपाठ एक येतात. आधी तोंड चाळवणारं काहीतरी, मग मासा, मग मांस, मग चीजची ढकलगाडी, शेवटी गोड. तीन तास सहज जातात. सोबत वाइन असतेच. एवढं झाल्यावर रात्री अंधारात गाडी चालवू नये हे उघड आहे, म्हणून वर खोली. सकाळी उठून ताजा पाव, लोणी, मुरंबा. (आग्रह मात्र कुणी करत नाही. आपल्या माणसाला तेवढंच चुकल्यासारखं होईल.) शाकाहारी असाल तर जागा राखून ठेवतानाच सांगावं. ऐनवेळी सांगितलंत तर पंचाईत तुमचीही आणि आचाऱ्याचीही.

सोल्योचं नाव आधी केलं अलेक्सांद्र द्युमेन या आचाऱ्यानं. त्याला 1930 च्या दशकातच तीन तारे मिळाले होते. दक्षिणेच्या समुद्राकडे निघालेले शौकीन वाटेत त्याच्याकडे उतरत. तो निवृत्त झाला, नवा मोटरमार्ग गावाला वळसा घालून गेला, आणि हॉटेलची रया गेली. 1975 साली तिथं बर्नार ल्वाझो हा चोविशीतला तरुण आला. 1982 मध्ये त्यानं ते विकतच घेतलं. साय-लोण्यात घोळलेल्या फ्रेंच रश्श्यांऐवजी हा पठ्ठ्या भांड्याला लागलेला अर्क साध्या पाण्यानं सोडवून घ्यायचा. लोक हसले. बेडकाच्या तंगड्या, लसणाची मऊ चटणी आणि पार्स्लीचा हिरवागार रस हा त्याचा गाजलेला पदार्थ. (नाक मुरडू नका, आपलं सुकट त्यांना कसं वाटेल याचा विचार करा!) 1991 मध्ये तिसरा तारा मिळाला. तोवर खोल्या, बाग, सजावट यांवर कर्ज काढून पैसा ओतला होता. 1998 साली त्याची कंपनी शेअर बाजारातही गेली.

मुद्दाम प्रवास करून येणारा पाहुणा एका ताऱ्याच्या भरवशावर येतो. तो तारा गेला तर? जवळून जाणारा रस्ता नाही, शहराची गर्दी नाही, कर्जाचे हप्ते मात्र आहेत. 2003 च्या सुरुवातीला ‘गो-मियो’ या दुसऱ्या मार्गदर्शिकेनं त्याचे गुण वीसपैकी 19 वरून 17 वर आणले. मिशलिनचा तारा जाणार अशी कुजबुज होती, प्रत्यक्षात तीनही तारे शाबूत राहिले होते. 24 फेब्रुवारी 2003 रोजी ल्वाझोनं आत्महत्या केली. वय 52. त्याला नैराश्याचा आजार होता. तेव्हा एकट्या गुणांवर खापर फोडणं बरोबर नाही. पण हसतमुख, सतत बोलणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय हे रोज जेवून जाणाऱ्यांना कसं कळावं?

मागं राहिली पत्नी दोमिनिक आणि तीन मुलं. धाकटी तर सहा-सात वर्षांची. बाईंनी हॉटेल विकलं नाही. स्वयंपाकघर ल्वाझोचाच जुना सहकारी पात्रिक बेर्त्रों याच्याकडे सोपवलं आणि हिशेब, पाहुणे, कर्ज स्वतः पाहिलं. तीन तारे आणखी तेरा वर्षं टिकले. 2016 मध्ये ज्याची धास्ती ल्वाझोला होती ते घडलंच, तिसरा तारा गेला. हॉटेल बंद पडलं नाही. थोरली मुलगी पुढं आईबरोबर व्यवसायात उतरली, आणि वडील गेले तेव्हा शाळेची पायरी नुकती चढलेली धाकटी मोठी होऊन आचारी झाली.