‘मंद’ म्हणण्याआधी



शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली की विचार करायला वेळच वेळ मिळतो. त्या दिवशी एका शिशुगृहातून परतत होते. अकरा महिन्यांची एक मुलगी डोक्यातून जात नव्हती. वजन ठीक, लसी वेळेवर दिलेल्या. पण बसवलं की कलंडायची, आणि उताणं राहून राहून डोकं मागून चपटं झालेलं. “मंदच दिसते,” असं कार्यालयात सांगण्यात आलं. फाइलीत शेराही तसाच पडणार होता.

खोलीत दहा पाळणे आणि एक मावशी. तिला म्हटलं, हिला जरा पालथं घालत जा. ती म्हणाली, “ताई, पालथं घातलं की समोर बसावं लागतं. बाकीच्या नऊ जणांच्या बाटल्या कोण भरणार?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी आजी पायांवर घेऊन तेल चोळते, कुणी कडेवर घेतं, कुणी बोट धरतं. मूल ‘आपोआप’ चालायला लागलं असं आपण म्हणतो. त्यामागचे बायकांचे हात हिशेबात धरतच नाही.

वेन डेनिस या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये तेहरानच्या अनाथालयांबद्दल लिहिलं. जिथे बाळं बहुतेक वेळ उताणी पडून असत, तिथली दोन ते तीन वर्षांची शंभरातली जेमतेम आठ मुलं स्वतःच्या पायांनी चालत. दुसऱ्या एका संस्थेत माणसं जास्त होती, बाळांना उचललं जाई, पालथं घातलं जाई. तिथे त्याच वयाची बहुतेक सगळी चालत होती. आणि यातली बरीचशी मुलं पहिल्याच संस्थेतून आणलेली!

म्हणून शेऱ्याची मला धास्ती वाटते. दत्तकाच्या व्यवस्थेत ‘विशेष गरजा’ असलेल्या मुलांचा गट वेगळा धरतात. डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी. पण त्याआधी काही आठवडे तिला सतरंजीवर, एकाच मावशीच्या हाताखाली ठेवून पाहायला नको का?

मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी कायद्याने दोन महिने मिळतात. ते तिला खरोखर मिळावेत म्हणून आपण भांडतो. पुढे पाळण्यातल्या मुलीकडे मात्र आपलं लक्ष जात नाही, आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मावशीकडे तर नाहीच. पुढच्या भेटीत तुमच्या गावच्या शिशुगृहात भिंतींचा रंग आणि खेळण्यांचं कपाट पाहू नका. रात्रपाळीला किती मावश्या असतात आणि त्या दर किती महिन्यांनी बदलतात, ते विचारा.