आपल्या पोरांनी फौजदारी कायदा शिकलाच पाहिजे



आपली लढाई जमिनीची. दावा ग्रामसभेत मांडायचा, वनहक्क समितीनं जागा बघायची, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. हा रस्ता आता पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनाही पाठ झालाय. पण दावा एका ऑफिसात पडून असतो आणि त्याच जमिनीवरून आपल्या माणसावर दुसरीकडे केस होते. नांगर धरला, वनगुन्हा. गार्डाशी बोलाचाली झाली, सरकारी कामात अडथळा. ही केस चालते फौजदारी कोर्टात आणि तिथं काळ्या कोटात आपला माणूस जवळपास दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपल्या बारावी झालेल्या पोरापोरींनी आता फौजदारी कायदा शिकायला जावं आणि त्यांना पाठवायची जबाबदारी संघटनेनं घ्यावी.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका भावाला फॉरेस्टवाल्यांनी प्लॉटवरून उचललं. गुन्हा जामीनपात्र होता. कोर्टानं जामीनही दिला. पण जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा, नाहीतर ऐपतीचा दाखला आणा. आमच्या पाड्यात सातबारा आहे कुणाकडे? ज्या सातबाऱ्यासाठी भांडतोय, तोच नाही म्हणून माणूस अकरा दिवस आत राहिला. आवणीचे दिवस होते. राब भाजून तयार केलेलं रोप वाळलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 478 मध्ये लिहिलंय की, जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेला माणूस एका आठवड्यात जामीनदार देऊ शकला नाही, तर तो गरीब आहे असं कोर्टानं धरावं आणि त्याला स्वतःच्या बाँडवर सोडावं. जुन्या कायद्यातही 2005 च्या दुरुस्तीनं हे आलं होतं. त्याच्याही आधी, 1978 साली, सर्वोच्च न्यायालयात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस गेली होती. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटनं त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला आणि भाऊ जामीन राहतो म्हटलं तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बाँडवर सोडायला सांगितलं. म्हणजे आमचा भाऊ आठव्या दिवशी बाहेर यायला हवा होता. कायदा होता. तो कोर्टात उभं राहून बोलणारा माणूस नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची. आपला माणूस सांगतो, "वाडवडिलांपासून कसतो." कागदावर उतरतं, "अतिक्रमण केल्याचे कबूल केले." अंगठा उठतो आणि तोच कागद पुढे पाच वर्षं आपल्या विरोधात बोलतो. एकसाली प्लॉट म्हणजे काय, दळी म्हणजे काय, हे शहरातल्या वकिलाला आधी आपणच शिकवायचं. कातकरी बाईचं बोलणं त्याला निम्मं कळतं. वनहक्क कायद्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून काढता येत नाही. हे कलम आणि दाव्याची पोच पहिल्याच तारखेला मॅजिस्ट्रेटपुढे ठेवायची असते. दोन्हीकडची भाषा जाणणाराच हे वेळेवर करेल.

बैठकीत हे बोलले की जुने कार्यकर्ते दोन गोष्टी म्हणतात. पहिली, आपण मोर्चानं जिंकलो, कोर्टानं नाही. खरं आहे. वनहक्क कायदासुद्धा रस्त्यावरच्या लढाईमुळेच आला. पण मोर्चा झाल्यावर ज्यांच्यावर केसेस पडतात ते एकेकटे तारखेला जातात. एक तारीख म्हणजे एक मजुरी गेली, वर गाडीभाडं. मोर्चा सगळ्यांचा आणि तारीख एकट्याची, असं किती वर्षं चालायचं?

दुसरं म्हणतात, शिकलेला परत येत नाही. काही येत नाहीत, मान्य. पण ज्याला गावानं पाठवलंच नाही, जो स्वतःच्या कर्जावर शिकला, त्याला गावानं कोणत्या तोंडानं परत बोलवायचं?

शिकायला लांब जावं लागत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स असतो. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि आदिवासी मुलांना बारावीला 40 टक्के चालतात. ठाण्यात लॉ कॉलेज आहे. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं छोटं उपकेंद्र आहे, तिथंही कायदा शिकवतात. शहापूरच्या पोरांना कसारा लोकल आहे, मुरबाडच्यांना कल्याणपर्यंत एसटी. पदवीनंतर पुढे शिकायचं तर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. ते एक लहान विद्यापीठच. गुन्हा, पोलीस, तुरुंग हा विषय तिथं शिकता येतो. त्यांचा 'प्रयास' प्रकल्प 1990 पासून तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करतोय.

अडचण होते ती कागदाची आणि पोटाची. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका, नाहीतर ऐन प्रवेशाला अडकाल. वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून जेवणा-राहण्याचे पैसे मिळतात, त्याचा अर्ज करा. आणि वकील तयार होईपर्यंत एक लक्षात ठेवा. आदिवासी माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. फोन नंबर 15100. अटक झाली की कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा म्हणा. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, तेवढं ध्यानात असू द्या.

ठाण्याच्या तुरुंगात 2 मे 1848 ला राघोजी भांगरेंना फाशी दिली. आपण दरवर्षी त्यांना हार घालतो. त्याच तुरुंगात आणि कल्याणच्या आधारवाडीत आजही गरीब माणसं जामीनदारावाचून बसून आहेत. हार घालताना त्यांचीही आठवण ठेवू या.

माझी संघटनेला मागणी अशी. प्रत्येक तालुक्यातून एक मुलगा आणि एक मुलगी निवडा. निवड ग्रामसभेत करा, पुढाऱ्याच्या घरी नको. पाच वर्षं दर घरामागे पायलीभर भात आणि गाडीभाड्याची वर्गणी काढा. शिकणाऱ्यानं महिन्याच्या बैठकीला यायचं, शिकलेलं एक कलम आपल्या बोलीत समजावून सांगायचं आणि सुट्टीत आपल्या केसेसचे कागद लावून द्यायचे. मी बारावी झाले आहे आणि यंदा सीईटीला बसणार आहे. पण मी एकटी पुरणार नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या पाड्यातल्या बारावी झालेल्यांची नावं लिहून आणा.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!